एमजीबी मधल्या वेगात झटके खाते. सगळं बदलून झालं, आता काय?

बिनछपराचा

मंडळी, हात टेकलेत. गाडी १९६८ ची एमजीबी, म्हणजे दोन सीटची उघडी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. १७९८ सीसी, दोन एसयू कार्ब्युरेटर, निगेटिव्ह अर्थ, पॉइंटवालं २५डी४ डिस्ट्रिब्युटर (प्लगांना पाळीपाळीने वीज वाटणारं). सेल्फ मारला की अर्ध्या फेऱ्यात सुरू होते, आयडलिंगला बॉनेटवर नाणं उभं राहील इतकी शांत. पण पंधरा-वीस मिनिटं चालली की झटके सुरू. कुणीतरी मागून चावी बंद-चालू, बंद-चालू करतंय असं वाटतं. मग आपोआप बरी होते, पुन्हा सुरू.

एका रविवारी वैतागून पॉइंट, कंडेन्सर, रोटर, कॅप, प्लग, एचटी लीडा (प्लगच्या जाड वायरी) आणि कॉइल असं सगळं नवं टाकलं. झटके होते तसेच आहेत, उलट आता चढावर जोर दिला की फट् फट् आवाज यायला लागलाय, जो आधी नव्हता. पॉइंटची फट ०.०१५ इंच, प्लगची ०.०२५, टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) माझ्या इंजिनच्या पुस्तकाप्रमाणे स्थिर १० अंश. अजून काय बदलायचं राहिलंय? मालक?

पाना_तेरा

कंडेन्सर. डोळे झाकून सांगतो. गरम झाल्यावर बिघडणारी वस्तू तीच. आणि नवा टाकला म्हणजे चांगला टाकला असं नाही, हल्ली जे मिळतात त्यातले काही पहिल्या दिवसापासून मेलेले असतात. मीटरवर ०.१८ ते ०.२४ मायक्रोफॅरड दाखवायला हवा. पॉइंट उघडून बघ, तोंडं जळून निळी-काळी झाली असतील तर प्रश्नच मिटला. जुना कंडेन्सर फेकून दिला नसशील तर तोच परत लाव.

निळाधूर

इग्निशन नाही हे. आयडलिंग चांगलं, मधल्या वेगात झटके, म्हणजे मिक्श्चर पातळ होतंय, हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. डॅशपॉटमध्ये (कार्ब्युरेटरच्या वरच्या तेलाच्या भांड्यात) तेल आहे का? कार्ब्युरेटरचा पिस्टन वर उचलून सोडला की ठक्कन खाली बसतो का? गाडीच्या मागच्या भागातल्या पेट्रोल पंपाची टिकटिक झटक्याच्या वेळी थांबते का ते ऐक. बाकी सगळं नंतर.

पाना_तेरा

@निळाधूर, तुमच्या मते जगातला प्रत्येक बिघाड कार्ब्युरेटरमध्येच असतो. कार्ब्युरेटरच्या नावाने रडणाऱ्या गाड्या शेवटी डिस्ट्रिब्युटरमध्ये सापडतात, हे किती वेळा बघितलंय या विभागात.

जुनाफिटर

बिनछपरे, वस्तू बदलायचं आधी थांबवा. एका दिवशी सात वस्तू बदलल्या म्हणजे गाडीला विचारलेले सात प्रश्न एकदम, आणि उत्तर एकच आलं. त्यातलं कुठल्या प्रश्नाचं, ते कसं कळणार? आता तुमच्याकडे एक जुना बिघाड आहे आणि बहुधा एक नवा, स्वतः विकत आणलेला.

मला तीन गोष्टी सांगा. आठवून नाही, गाडी चालवून.

झटका येतो त्या क्षणी टॅकोची (इंजिनचे फेरे दाखवणाऱ्या मीटरची) सुई काय करते? इंजिनबरोबर हळू खाली येते, की इंजिन गिअरमध्ये फिरत असतानाच धाडकन शून्याकडे पडते?

झटके चालू असताना पाय पूर्ण दाबला तर काय होतं?

आणि ती पहिली पंधरा मिनिटं गाडी कुठे असते?

अर्धीअश्वशक्ती

एवढा कीस कशाला पाडायचा? पॉइंट-कंडेन्सर काढून फेका, इलेक्ट्रॉनिक किट बसवा, विषय संपला. मी बसवून सहा वर्षं झाली, कॅप उघडलेली नाही.

शिकाऊ_उमेदवार

मध्ये घुसतोय, माफ करा. टॅकोच्या सुईवरून इग्निशनचं कसं कळतं? आणि पॉइंट नेमके करतात काय? मला फक्त 'घासतात आणि खराब होतात' एवढंच माहीत आहे.

विजेरी

@शिकाऊ_उमेदवार, माफी कसली. दोन सर्किटं समजून घे, पुढचा सगळा धागा सोपा जाईल.

पहिलं बारा व्होल्टचं. बॅटरी, चावी, पांढरी वायर, कॉइलचं आतलं जाड गुंडाळं, तिथून पांढरी-काळी वायर डिस्ट्रिब्युटरपर्यंत, पॉइंट आणि शेवटी बॉडीला अर्थ. पॉइंट मिटलेले असतात तेव्हा कॉइलमध्ये करंट वाहतो आणि चुंबकीय क्षेत्र तयार होतं. डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टवरचा कॅम पॉइंट उघडतो, करंट तुटतो, क्षेत्र कोसळतं आणि कॉइलच्या दुसऱ्या, बारीक तारेच्या गुंडाळ्यात हजारो व्होल्ट उठतात. तो दाब मधल्या जाड लीडने कॅपमध्ये, रोटरवरून त्या त्या प्लगला जातो. एमजीबीत क्रम १-३-४-२, आणि रोटर घड्याळाच्या उलट फिरतो. हे दुसरं सर्किट.

कंडेन्सर असतो पॉइंट उघडताना तिथेच ठिणगी पडू नये म्हणून. ती पडली तर करंट झटकन तुटत नाही आणि प्लगला जोर येत नाही.

वेग बघ: चार सिलिंडर, दर दोन फेऱ्यांत चार ठिणग्या. ३००० आरपीएमला मिनिटाला ६०००, म्हणजे सेकंदाला १००. एक वायर पाव सेकंद सुटली तर पंचवीस ठिणग्या गायब. तोच बिनछपराचा यांचा झटका.

आता टॅको. त्या काळच्या एमजीबीत कॉइलकडे जाणारा करंटच टॅकोच्या पाठीमागून फिरून जातो आणि टॅको त्याचे ठोके मोजतो. पहिलं सर्किट तुटलं की ठोके बंद आणि सुई पडते, चाकं इंजिनला फिरवत असली तरी. बिघाड दुसऱ्या सर्किटमध्ये किंवा पेट्रोलमध्ये असेल तर ठोके चालूच राहतात आणि सुई इंजिनचा खरा वेग दाखवत राहते. डॅशबोर्डवर फुकटचं निदान यंत्र बसवलेलं आहे, लोक बघत नाहीत.

निळाधूर

सुईचं पटलं. पण मी पंपावर ठाम आहे.

जुनाफिटर

विजेरीताईंनी नेटकं सांगितलं. थोडं अवांतर: जुने मेकॅनिक डिस्ट्रिब्युटरला 'डेल्को' म्हणतात ना, तो शब्द डेटन इंजिनियरिंग लॅबोरेटरीज कंपनीच्या आद्याक्षरांचा. चार्ल्स केटरिंग त्या कंपनीचा. ही कॉइल-पॉइंटची पद्धत त्याने १९१० च्या कॅडिलॅकवर आणली, म्हणून पुस्तकात तिला केटरिंग इग्निशन म्हणतात. त्यानंतर साठेक वर्षं बहुतेक मोटारी याच युक्तीवर धावल्या. तेव्हा @अर्धीअश्वशक्ती, काढून फेकण्याइतकी वाईट वस्तू नाही ती.

अर्धीअश्वशक्ती

काका, बैलगाडीही हजारो वर्षं चालली.

९११_मागेइंजिन

वाचणाऱ्या इतरांसाठी एक धोक्याची सूचना. माझी १९७२ ची पोर्श ९११ आहे, तिच्यात सीडीआय डबा (कपॅसिटरमध्ये वीज साठवून ती कॉइलमध्ये सोडणारा) आहे. तिथे कॉइलच्या बारीक टर्मिनलवरही काहीशे व्होल्ट असतात, बारा नाही. टेस्ट लॅम्प लावायचा नाही, चालू गाडीत हात घालायचा नाही. चावी फिरवल्यावर डब्यातून बारीक शिट्टीसारखा आवाज आला तर निदान त्याला वीज पोचतेय एवढं कळतं. या धाग्यातले प्रयोग साध्या पॉइंटच्या गाडीसाठीच समजा.

बिनछपराचा

आज चालवून आलो. शेजारी मुलाला बसवलं, त्याचं काम फक्त टॅको बघणं.

जुनाफिटर काका, सुई धाडकन पडते. प्रत्येक झटक्याला. इंजिन तिसऱ्या गिअरमध्ये फिरतंय आणि सुई झोपलेली.

पाय पूर्ण दाबला की, आणि हे मला कधी लक्षातच आलं नव्हतं, ते झटके थांबतात! फट् फट् सुरू होतं, पण ते 'चावी बंद'वालं बंद. पाय सोडला तरी बंद. मोकळ्या रस्त्यावर पाय अगदी हलका ठेवून ६०-७० च्या वेगाने जातो, तेव्हाच ते येतं.

आणि पंधरा मिनिटांचं म्हणाल, तर मला माझंच हसू आलं. पहिली पंधरा मिनिटं मी गल्ल्या आणि सिग्नलमधून बाहेर पडत असतो. मोकळा रस्ताच त्यानंतर लागतो. आज मुद्दाम अर्धा तास गल्लीत फिरवली, चांगली गरम झाली, एकही झटका नाही.

पाना_तेरा

म्हणजे गरम होण्याचा संबंधच नाही. कंडेन्सरचं विधान मागे घेतो. डोळे उघडले.

जुनाफिटर

आता कसं बोलली गाडी! दोन बिघाड वेगळे करा.

फट् फट् हा नव्या सामानातून आला, कारण तो त्या रविवारनंतरचा आहे. जोर दिल्यावर सिलिंडरमध्ये दाब वाढतो, दाबलेल्या हवेत ठिणगी उडायला जास्त व्होल्ट लागतात, आणि विजेला दुसरी सोपी वाट मिळाली तर ती तिकडे पळते. प्लग काढून बाहेर हवेत ठिणगी बघितली आणि 'स्पार्क आहे' म्हटलं, त्यात अर्थ नाही तो याचसाठी. बाहेर मेलेली कॉइलही ठिणगी दाखवते.

माझा पहिला संशय रोटरवर. कॅप काढा, रोटर जागेवर ठेवा. पॉइंट मिटतील असं इंजिन फिरवा, चावी चालू. कॉइलची मधली लीड चांगल्या इन्सुलेशनच्या पकडीने धरून टोक रोटरच्या पितळी पट्टीपासून तीन-चार मिलिमीटरवर आणा आणि काडीने पॉइंट उघडझाप करा. रोटर चांगला असेल तर विजेला जायला वाटच नाही, एखादी क्षीण ठिणगी सोडली तर काही दिसणार नाही. प्रत्येक वेळी चटचट ठिणगी पडली तर रोटरच्या पोटातून शाफ्टला वीज गळतेय. पट्टी पक्की करणारा रिव्हेट शाफ्टच्या फार जवळ असला की हे होतं. आसपास पेट्रोलचा वास नाही ना, ते आधी बघा.

दुसरा बिघाड पहिल्या सर्किटमध्ये आहे, सुईने सांगितलंच. पेट्रोल सुटलं, कार्ब्युरेटर सुटले. निळाधूर, हरकत नाही ना?

निळाधूर

हरकत नाही. पण डॅशपॉटमध्ये तेल टाकाच.

बिनछपराचा

रोटर: चट, चट, चट. प्रत्येक वेळी. अंधारात केलं, निळी ठिणगी सरळ रोटरच्या मध्यात शिरताना दिसली. जुना रोटर कपाटात होता, पितळ जरा खरवडलेलं पण त्यावर एकही ठिणगी नाही. तो लावला. चढावर फट् फट् पूर्ण बंद. नवीन वस्तूने घात केला म्हणायचा.

झटके मात्र जसेच्या तसे.

विजेरी

आता पहिलं सर्किट अर्धं करू. कॉइलला चावीकडून येणारी पांढरी वायर काढून बाजूला टेपने गुंडाळून ठेव. बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून फ्यूज घातलेली एक तात्पुरती वायर थेट कॉइलच्या त्याच टर्मिनलला. मग फिरवून आण. झटके गेले तर दोष चावी, बुलेट कनेक्टर किंवा टॅकोकडच्या वायरिंगमध्ये. राहिले तर कॉइलपासून पॉइंटपर्यंत.

तीन गोष्टी लक्षात ठेव. एक, टॅको मेलेला दिसेल, कारण करंट आता त्याच्यातून जातच नाही. घाबरू नकोस. दोन, चावीने इंजिन बंद होणार नाही, ती वायर काढावी लागेल, तेव्हा हाताशी येईल अशी बांध आणि लांब जाऊ नकोस. तीन, इंजिन बंद असताना ती लावून ठेवू नकोस, पॉइंट मिटलेले असले तर कॉइल तापते. ज्यांच्या गाडीत बॅलास्ट वायर (करंट आवरणारी रोधक वायर) आणि दीड ओहमची कॉइल आहे त्यांनी हा प्रयोग अगदी थोडा वेळच करावा. तुझी तीन ओहमवाली आहे ना?

बिनछपराचा

मीटरवर ३.२ ओहम. म्हणजे ठीक.

प्रयोग केला. झटके राहिले. म्हणजे चावी निर्दोष. कॉइल नवी-जुनी दोन्ही लावून बघितली, फरक नाही. पॉइंट नवे-जुने दोन्ही, फरक नाही.

शिकाऊ_उमेदवार

मग उरलं काय?

जुनाफिटर

उरलं ते, जे कुणी बदलत नाही.

हलका पाय, स्थिर वेग, तेव्हाच झटका. पाय सोडला की नाही, पूर्ण दाबला की नाही. डिस्ट्रिब्युटरमध्ये असं काय आहे, जे फक्त याच वेळी आपली जागा बदलतं? व्हॅक्यूम ऍडव्हान्स, म्हणजे इंजिनच्या हवेच्या ओढीने ठिणगी थोडी लवकर पाडणारी यंत्रणा. तुमच्या गाडीत त्याची नळी कार्ब्युरेटरला थ्रॉटलच्या पाकळीपाशी जोडलेली आहे. आयडलिंगला पाकळी मिटलेली, नळीत ओढ नाही. थोडी उघडली की भरपूर ओढ. पूर्ण उघडली की ओढ पुन्हा नाहीशी. म्हणजे पॉइंट ज्या ताटलीवर बसतात ती ताटली तुमच्या झटक्यांच्या वेळीच फिरलेली असते. गल्लीत पाय सारखा वर-खाली होतो, ताटली क्षणभर हलते आणि परत येते, तुम्हाला कळतही नाही.

नळी डिस्ट्रिब्युटरच्या बाजूने काढा, कार्ब्युरेटरकडचं तोंड बुचाने बंद करा आणि त्याच रस्त्याला जाऊन या.

बिनछपराचा

चाळीस किलोमीटर. एक झटका नाही. गाडी थोडी सुस्त वाटली, पण एक झटका नाही!! काका, पाय कुठे आहेत तुमचे.

पाना_तेरा

म्हणजे व्हॅक्यूमच्या डबीतला डायफ्रॅम, ताटली ओढणारा पडदा, फाटलाय. नवीन डबी (कॅप्सूल) मागव.

जुनाफिटर

थांबा, थांबा! पुन्हा बदलाबदली. फाटलेला डायफ्रॅम ताटली ओढूच शकत नाही. नळी जोडल्यावर त्रास होतो, म्हणजे ताटली हलते. डायफ्रॅम धडधाकट आहे. ताटलीबरोबर आणखी काय हलतं ते बघा. दोन वायरी. एक बाहेरच्या टर्मिनलवरून पॉइंटला येणारी छोटी वायर, दुसरी ताटलीला बॉडीशी जोडणारी विणलेली अर्थची वायर. दोन्ही बोटभर लांबीच्या, आणि ताटली जितक्या वेळा हलली तितक्या वेळा वाकलेल्या. तुमच्या गाडीच्या वयात किती वेळा, ते मोजू नका.

इंजिन बंद, चावी बंद, कॉइलची वायर डिस्ट्रिब्युटरवरून काढा. मीटर ओहमवर. एक टोक बाहेरच्या टर्मिनलला, दुसरं पॉइंटच्या स्प्रिंगला. मग व्हॅक्यूमच्या तोंडाला रबरी नळीचा तुकडा लावून तोंडाने ओढा आणि मीटरकडे बघत राहा. तसंच अर्थचं: एक टोक ताटलीला, दुसरं डिस्ट्रिब्युटरच्या बॉडीला.

बिनछपराचा

सापडली.

अर्थची वायर ठीक, ओढलं तरी आकडा हलत नाही. छोटी वायर: नुसती असताना ०.२ ओहम. ओढलं की मीटरवर 'ओएल', म्हणजे सर्किट तुटलेलं. सोडलं की पुन्हा ०.२. दहा वेळा केलं, दहाही वेळा. माझा मुलगा म्हणाला, बाबा डिस्ट्रिब्युटर का चोखताय.

वायर बाहेरून अगदी चांगली दिसते, इन्सुलेशनला चीरही नाही. म्हणूनच इतक्या वेळा कॅप उघडूनही दिसली नाही. बोटांत धरून वाकवली तर मध्ये एका जागी मऊ लागते, शिळ्या दोरीसारखी. ब्लेडने सोलली. आतले सगळे तंतू तुटलेले, नुसते एकमेकांना टेकून उभे.

विजेरी

आणि टॅकोने हे पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, बघ.

अर्धीअश्वशक्ती

माझं किट बसवलं असतं तर हे झालंच नसतं, एवढं नम्रपणे नमूद करतो.

जुनाफिटर

खरं आहे. किटबरोबर ती वायर निघून गेली असती, झटके थांबले असते आणि 'पॉइंट वाईट, किट चांगलं' असं तुम्ही जन्मभर सांगत फिरला असता. किट वाईट नाही, मीही एका गाडीत बसवलंय. पण त्याचीही वायर त्याच ताटलीवरून बाहेर येते आणि तीही वाकते. शिवाय ते रस्त्यात गेलं तर एकदम जातं, पॉइंट आधी कुरकुर करतात. बसवलंत तर जुने पॉइंट आणि कंडेन्सर डिकीत ठेवा.

बिनछपरे, नवी वायर घालताना घरात पडलेली कुठलीही घालू नका. साध्या वायरीत थोडे आणि जाड तंतू असतात, चार महिन्यांत हाच धागा पुन्हा वर येईल. खूप बारीक तंतूंची, अगदी लुळी पडणारी वायर हवी. टर्मिनलला सोल्डर करताना सोल्डर वायरीत वर चढू देऊ नका, चढलं तिथे ती कडक होते आणि त्याच रेषेवर तुटते. आत थोडा सैल वळसा ठेवा, पण रोटरला किंवा कॅमला लागणार नाही असा.

पाना_तेरा

बसवून झालं की आधी पॉइंटची फट, मग टायमिंग. उलटं नको, फट बदलली की टायमिंग सरकतं. जमलं तर ड्वेल मीटर लाव. २५डी४ ला ६० अंश, तीन इकडे-तिकडे चालतात.

शिकाऊ_उमेदवार

ड्वेल म्हणजे?

पाना_तेरा

चार सिलिंडर म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला शाफ्टचे ९० अंश. त्यातले जितके अंश पॉइंट मिटलेले, तो ड्वेल. तेवढाच वेळ कॉइल भरते. फिलर गेज पॉइंट झिजून खड्डा पडला की फसवतो, ड्वेल मीटर फसत नाही. आणि इंजिनचा वेग वाढवल्यावर आकडा बराच नाचला तर शाफ्टचे बुश झिजलेत समज.

बिनछपराचा

नवी वायर बसली. ड्वेल ५९, २००० वर नेला तरी ५८ च्या खाली येत नाही. टायमिंग १० अंश, व्हॅक्यूमची नळी परत जोडली. काल ९० किलोमीटर, बहुतेक सगळे त्याच हलक्या पायाने. सुई एकदाही हलली नाही.

नवी कॉइल काढून जुनीच परत लावलीय, नवी डिकीत. नव्या रोटरला हातोडी मारली, म्हणजे चुकून कपाटातून पुन्हा गाडीत जायला नको.

निळाधूर, डॅशपॉट बघितले. दोन्ही कोरडे होते. तेल टाकलं, पिकअप खरंच सुधारला.

निळाधूर

🙂

पाना_तेरा

हा धागा वाचून माझ्या गाडीची कॅप उघडली. काही त्रास नव्हता, उगाच. वायर वाकवली, मधोमध मऊ लागली.